पाणपिसवा लाल झाल्या तेव्हा

मत्स्य खात्यात निरीक्षक म्हणून लागले तेव्हा शेजारपाजाऱ्यांना वाटलं, आता हिच्या घरी रोज मासोळी शिजणार. तसं काही झालं नाही. खरं सांगायचं तर नोकरीच्या सगळ्या वर्षांत मासोळ्यांपेक्षा मासोळ्यांचं खाणं पाहण्यातच माझा जास्त वेळ गेला. हे खाणं म्हणजे पाणपिसवा.

पाणपिसू हा रव्याच्या कणाएवढा जीव. कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवेशी तिचं काही नातं नाही, पण पाण्यात टुणटुण उड्या मारत पोहते म्हणून ते नाव पडलं असावं. माशाचं पिल्लू अंड्यातून निघालं की सुरुवातीला त्याच्या तोंडात मावेल असं हेच एक खाणं असतं. तेल काढून उरलेली ढेप आणि कोंडा पुढची गोष्ट. म्हणून तळ्यात मत्स्यबीज, म्हणजे ही पिल्लं, सोडण्याआधी शेण आणि ढेपेचं पाणी घालून पिसवा वाढवायच्या, हे मी सौसर आणि पांढुर्णा या दोन्ही तहसिलींत गावोगाव सांगत फिरले. आमचा भाग हिंदी राज्यातला, म्हणून खात्याला अहवाल हिंदीत द्यायचा, लोकांशी बोलायचं आपल्या वऱ्हाडीत, आणि पिसवा पाहायच्या काचेच्या ग्लासात. एवढी हत्यारं मला पुरली. चौथं हत्यार भिंग, पण ते बहुतेक वेळा पोरंच हातातून ओढून घेत.

भिंगातून पाहिलं तर पिसवेचं अंग काचेसारखं आरपार दिसतं. आत तिचं काळीज धडधडत असतं, तेही दिसतं. उन्हाळ्यात पाणी तापलं की ते इतकं जोरात चालतं की ठोके मोजायला जाणारा माणूस हात टेकतो. गरम पाण्यात जिवाला हवा जास्त लागते, आणि पाणी जितकं गरम तितकी त्यात हवा कमी मावते. पिसू बिचारी या कात्रीत सापडते. मग ती काय काय करते, ते पाहणं हे माझ्या कामातलं सगळ्यात आवडतं काम होतं.

आधी ती दुपारभर खाली जाते, जिथं पाणी थोडं गार असतं. तळं उथळ असेल तर तेही जमत नाही. पाणी हळूहळू तापत गेलं तर ती सोसते, तिची पिल्लंही सोसतात, फक्त अंगानं बारीक राहतात. पण एकदम तापलं किंवा एकदम गार झालं तर उडी मारता मारता खाली बसते ती पुन्हा उठत नाही. लोकांना हे एकदम आणि हळूहळू समजावताना माझा घसा बसायचा.

सौसरजवळचे एक मंगल कार्यालयवाले होते. शेततळं खोदून त्यात त्यांनी हौसेनं बीज सोडलं. एप्रिलमध्ये ऊन वाढलं तसं त्यांना मासोळ्यांची दया आली, आणि लग्नाच्या जेवणावळीतून उरलेल्या बर्फाच्या लाद्या त्यांनी तळ्यात सोडल्या. मला बोलावलं तेव्हा पाण्यावर पांढरी पोटं तरंगत होती आणि तळाशी पिसवांचा थर बसला होता.

"मॅडम," ते म्हणाले, "उकाड्यात थंडाईनं कोणी मरते काय?"

"तुम्ही उन्हातून आल्यावर कोणी तुम्हाला बर्फाच्या टाकीत ढकललं तर?" मी विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला. "माही गोष्ट अलग आहे," म्हणाले.

असे बरेच भेटले. पण मला लिहायचं आहे ते मोहगावच्या पुढच्या एका गावाबद्दल. तिथं बर्फासारखी गंमत नव्हती. तिथं गोष्ट ठाण्यापर्यंत जाऊन पोहोचणार होती.

त्या गावचं तळं बायकांच्या बचत गटानं पट्ट्यावर, म्हणजे काही वर्षांच्या करारानं, घेतलं होतं. गटाच्या अध्यक्ष कौशल्याबाई. पन्नाशीच्या, सडपातळ, बोलायला फटकळ. जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचला, संत्री तोडली, आणि उतारवयाकडे झुकताना पहिल्यांदा एक काम स्वतःच्या नावावर घेतलं, ते या तळ्याचं. मार्चमध्ये आम्ही त्यात सायप्रिनस जातीच्या माशाचं बीज सोडलं होतं. पावसाळ्यापर्यंत ते बोटाएवढं झालं की आजूबाजूच्या तळ्यांना विकायचं. एका कोपऱ्यात बारीक जाळी लावून पिसवांसाठी जागा राखली होती, म्हणजे मासोळ्यांनी सगळ्या एकदम फस्त करू नयेत. तो कोपरा गावचे बागायतदार देवरावजी यांच्या संत्र्याच्या बागेच्या कुंपणाला लागून होता.

मे महिन्यात एका सकाळी कौशल्याबाईंचा फोन आला. "मॅडम, तळ्याचं पाणी रक्तावानी झालं. देवरावनं औषध टाकलं. आमी ठाण्यात जाऊन राहिलो, पण म्हणलं आधी तुमाले सांगावं."

"मी येईपर्यंत थांबा," म्हणाले आणि स्कूटी काढली.

पोहोचले तेव्हा बांधावर गटाच्या सगळ्या बायका बाभळीखाली जमल्या होत्या. ठाण्यात जायला जीप सांगून ठेवली होती. कुंपणापलीकडे देवरावजी उभे होते, साठीचे, खांद्यावर दुपट्टा, तोंड मिटलेलं. उन्हानं तळं निम्म्याच्या खाली आलेलं, पाण्यात हात घातला तर गरम. आणि जाळीच्या कोपऱ्यात खरंच विटकरी लाल पाणी.

"पाहा," कौशल्याबाई म्हणाल्या, "त्याच्याच कुंपणाच्या बाजूनं लाल. बाकी तळं आहे तसंच. आता सांगा, हे आपोआप झालं काय?"

मी देवरावजींना विचारलं, "फवारणीचा पंप कुठं धुता?"

"घरी."

"तळ्यावर कधी?"

"मागच्या साली धुतला होता. या कौशल्यानं टोकलं. तवापासून नाई."

"खोटं बोलून राहिला," मागून एक बाई म्हणाली.

मी चपला काढून पाण्यात उतरले, ग्लास भरला आणि उजेडात धरला. पाणी स्वच्छ होतं. लाल होत्या त्या पिसवा. शेकड्यांनी, एकीला एक लागून, आणि सगळ्या उड्या मारत होत्या. थकल्यासारख्या, पण जिवंत.

ग्लास मी कौशल्याबाईंच्या हातात दिला. "पाणी लाल नाही, पिसवा लाल आहेत. आणि जिवंत आहेत. बागेवरच्या औषधाचं नुसतं धुवण जरी इथं पडलं असतं ना, तर आधी याच मेल्या असत्या. यांच्याइतका नाजूक जीव तळ्यात दुसरा नाही. कोणी काही टाकलेलं नाही."

"मंग लाल काहून झाल्या?"

हा प्रश्न मला आवडतो. निवृत्त झाल्यावरही कोणी विचारला तर मी हातातलं काम टाकते. सांगितलं, की आपलं रक्त ज्या वस्तूनं लाल दिसतं ती वस्तू हवा धरून ठेवते. पाण्यात हवा भरपूर असली की पिसवेला तिची फार गरज पडत नाही, म्हणून ती पांढरट दिसते. हवा कमी पडायला लागली की ती ही वस्तू अंगात वाढवते, म्हणजे मिळेल तेवढी हवा धरता येईल. जितकी जास्त अडचण तितका रंग गडद.

"म्हणजे घाबरल्या त्या," कौशल्याबाई म्हणाल्या.

"घाबरल्या नाही हो. हवा कमी पडली."

"तेच तं म्हणून राहिलो. हवा कमी पडली का जीव घाबरा नाही होत काय?"

त्यांनी ग्लास पुढच्या बाईकडे दिला, पण चेहऱ्यावरचा राग तसाच होता. "तुमी त्याची बाजू घेऊन राहिल्या, मॅडम."

"मी पिसवांची बाजू घेऊन राहिले."

देवरावजींनी हे सगळं ऐकलं. ऐकून पाठ फिरवली आणि बागेतून घराकडे निघून गेले. भांडण मिटलं असं मला क्षणभर वाटलं. मग माझ्याच बोलण्याचा दुसरा अर्थ माझ्या लक्षात आला. पिसवा एवढ्या लाल झाल्या, म्हणजे मासोळ्यांचंही काही खरं नाही.

"सकाळी मासोळ्या वर आल्या होत्या काय?" मी विचारलं.

"होत्या ना. ऊन चढेवर वरच होत्या, तोंडं उघडून."

पश्चिमेकडे पाहिलं तर ढग जमत होते. वाऱ्याचं नाव नव्हतं. ढग आले की माणसाला बरं वाटतं, तळ्याला नाही. पाण्यातला हिरवेपणा उन्हात हवा तयार करतो आणि अंधारात तीच हवा खर्च करतो. आभाळ भरलं तर दुपारची कमाई बुडणार, आणि पुढच्या पहाटेपर्यंत तळ्यातली हवा संपलेली असणार. त्या दिवशीच पाणी आणलं नसतं तर दुसऱ्या सकाळी बायकांना पाट्या भरून मेलेलं बीज काढावं लागलं असतं.

मी तसं सांगितलं. पाणी कुठून आणायचं, यावर कोणी बोलेना. गावच्या नळाला दिवसाआड पाणी, तेही हंड्यापुरतं. जवळपास पाणी असलेली विहीर एकच होती, देवरावजींची.

ती विहीर म्हणजे नुसती विहीर नव्हती. माझं माहेर लोधीखेड्याचं. तिथंही एक विहीर होती, जिच्याकडे माझ्या आजीनं जन्मभर लांबूनच पाहिलं. त्यामुळे बायका गप्प का झाल्या ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. तरी कौशल्याबाईंनी सांगितलं. "माही सासू त्या इहिरीवर घागर घेऊन बसे. कोणी वरून वाढलं तं वाढलं. आता तसं नाई म्हणतात. पण आमच्यातलं कोणी जाऊन पाहिलं नाई, खरंच नाई काय ते."

"मी जाऊन विचारते," मी म्हटलं.

"नाई. मी बोलली त्याले, मीच जातो." त्यांनी बायकांकडे वळून पाहिलं. "तुमी बी चला. चार माणसांत बोलली, आता चार माणसांत मागीन."

देवरावजी ओसरीवर ठिबकची नळी दुरुस्त करत बसले होते. आम्ही अंगणात उभ्या राहिलो. त्यांनी वर पाहिलं नाही.

"देवरावभाऊ," कौशल्याबाई म्हणाल्या, "तुमी औषध टाकलं असं मी बोलली. ते चुकलं. आता तळ्याले पाणी पाह्यजे. तुमच्या इहिरीचं."

"किती वर्षं माह्या बागेत राबली तू," देवरावजी म्हणाले. नळीवरची नजर त्यांनी हलवली नाही. "मी जहर टाकीन, असं वाटलं तुले?"

"वाटलं. तुमच्या बागेत राबली म्हणूनच वाटलं. फवारणीच्या टायमाले आमी झाडाखाली निंदत राहो, अन् वरून औषध पडे. तोंडाले बांधाले फडकं बी कधी भेटलं नाई."

मला वाटलं, संपलं. माफी मागायला आलेल्या बाईनं नवाच हिशेब काढला, आता हे दार लागणार. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं होतं, पण देवरावजी उठले. खुंटीवरची मोटरच्या खोलीची किल्ली काढली.

"झाडं ताणावर हायत," ते म्हणाले.

बाहेरच्यांसाठी सांगते. पावसाच्या तोंडावर संत्र्याचा मृग बहार यावा म्हणून उन्हाळ्यात झाडांचं पाणी मुद्दाम तोडतात. पानं मलूल होतात, झाड थांबतं, आणि पाऊस पडला की एकदम फुलतं. यालाच ताण म्हणतात. मधेच मुळाशी पाणी गेलं तर ताण मोडतो आणि वर्षाचा बहार हातचा जातो. त्यांच्या विहिरीत पाणी शिल्लक होतं ते या ताणामुळेच.

"पाणी न्या," देवरावजी म्हणाले, "पण पाइप बागेतून नाई जाणार. एक जोड सुटला तं माहा बहार गेला. बांधावरून फिरवून न्या."

बांधावरून अंतर दुपटीहून जास्त होतं आणि त्यांच्याकडचा पाइप पुरणार नव्हता. बायका गावात पळाल्या. कोणाच्या सासऱ्याचा, कोणाच्या भावाचा, कुठं फाटलेला, कुठं सायकलच्या ट्यूबनं बांधलेला, असा सगळ्या गावाचा पाइप भर उन्हात बांधावर पसरला गेला. शेताची लाइन, म्हणजे वीज, यायला वेळ होता. तोवर मी तेलाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडून घेतली. विहिरीच्या पाण्यात हवा फार नसते. ते उंचावरून बारीक धारांनी पडलं तर पडता पडता हवा घेतं, आणि थोडं कोमटही होतं. तीन बांबू बांधून त्यावर डबे टांगले.

लाइन आली आणि देवरावजींनी मोटर सुरू केली. पाइप फुगत फुगत आला तशी एका तरुण बाईनं त्याचं तोंड उचललं आणि डब्याकडे न जाता सरळ जाळीच्या कोपऱ्यावर धरलं. मी जिवाच्या आकांतानं ओरडले. तिनं दचकून पाइप बांधावर टाकला. सुटलेल्या पाण्याचे शिंतोडे तिच्या पायावर उडाले आणि ती चटका बसून मागे सरली. काळा पाइप अख्खी दुपार उन्हात पडलेला, त्यातलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं. ते पिसवांवर पडलं असतं तर लाल काय नि पांढऱ्या काय, सगळ्या शिजल्या असत्या.

"पहिलं पाणी बाहेर सोडा," मी म्हटलं. "हाताला गार लागलं की मग डब्यात. आणि धार बारीक ठेवा."

"बारीक काहून?" कौशल्याबाईंनी विचारलं. "लाइन किती टाइम राहीन काय भरोसा."

"एकदम गार पडलं तरी मरतील. सोसायला वेळ द्यावा लागतो."

त्यांना हे पटलं नाही, पण ऐकलं. देवरावजी बांधाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून जोड तपासत होते. मध्ये एक जोड सुटला आणि पाणी बागेच्या कडेच्या झाडाकडे धावलं, तेव्हा कौशल्याबाईंनीच आधी धावत जाऊन मातीचा बांध घातला. लाइन होती तोवर डब्यातून पाणी पडत राहिलं.

मी सकाळी पुन्हा गेले तेव्हा आभाळ तसंच भरलेलं होतं. काठाला काही मासोळ्या मेलेल्या होत्या. एका पाटीत मावतील एवढ्या. मला वाईट वाटलं, कारण मला एक दिवस आधी बोलावलं असतं तर त्याही वाचल्या असत्या. पण बाकी बीज पाण्याखाली होतं, आणि डब्याच्या धारेखाली दाटी करून फिरत होतं. कौशल्याबाई बांधावर बसून दात घासत होत्या. "जिती हायत," एवढंच म्हणाल्या.

पुढं पाऊस येईपर्यंत रोज थोडं थोडं पाणी दिलं गेलं. पिसवांचा लाल रंग उतरत गेला. एकदा काठाशी मला मोहरीहून बारीक काळे ठिपके वाऱ्यानं एका ओळीत लागलेले दिसले. ती पिसवांची अंडी. एरवी पिसवा नराशिवायच पोरी जन्माला घालत राहतात. दिवस वाईट आले की नर जन्माला घालतात, आणि मग जी अंडी होतात ती जाड कवचात बंद असतात. तळं आटलं, माती तापून भेगाळली तरी ती मरत नाहीत. पाणी आलं की उघडतात. मी हे सांगितल्यावर कौशल्याबाई बराच वेळ ते ठिपके बोटावर घेऊन पाहत होत्या. त्या वर्षी देवरावजींनी बागेसाठी तळ्याचा गाळ मागितला, तेव्हा कौशल्याबाईंनी गाळ दिला, पण वरचा थर आधी खरवडून काठाला ठेवायला लावला.

पावसात देवरावजींची बाग फुलली. कडेच्या त्या एका झाडाला नुसती पालवी आली. बीजही विकलं गेलं, पांढुर्ण्याकडच्या तळ्यांपर्यंत गेलं. फवारणीच्या वेळी आता मजुरांच्या तोंडाला फडकं असतं का, हे मात्र मी देवरावजींना कधी विचारलं नाही. मासोळ्यांसाठी मी तिथं इतक्यांदा गेले, हे विचारायला एकदा थांबायला हवं होतं. त्याची रुखरुख आहे.

उन्हाळे आता लांबत चालले आहेत. पिसवा सोसतात, पण सोसण्याला शेवट असतो, आणि तो किती दूर आहे ते मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. एवढं मात्र सांगू शकते की ज्या तळ्यावर रोज कोणी ग्लास भरून पाहतं, ते तळं अचानक मरत नाही.

निवृत्तीच्या आधीच्या मे महिन्यात त्या गावाकडे शेवटची फेरी मारली. मला कोणी बोलावलं नव्हतं. तळं पुन्हा निम्म्यावर आलेलं. बांधावरून सलग नवा पाइप टाकलेला, दुपारी तापू नये म्हणून वरून कडब्यानं झाकलेला. देवरावजी बाभळीखाली बसले होते.

"यंदा पाणी मागायला कोण आलं होतं?" मी विचारलं.

"कोणी नाई," ते म्हणाले. "मीच इचारून राहिलो. तीन डाव इचारलं, मोटर लावू काय म्हणून."

"मग?"

त्यांनी तळ्याकडे हात केला. कौशल्याबाई गुडघाभर पाण्यात उभ्या राहून ग्लास उन्हासमोर धरून पाहत होत्या. "त्या म्हणतात, पिसवा अजून पांढऱ्या हायत. थांबा."

मी त्यांच्या शेजारी बसले. आम्ही दोघं वाट पाहत राहिलो.